मुक्या संगणकाला वाचा

तुमच्या शाळेच्या संगणक-कक्षात कोपऱ्यात ठेवलेला एखादा जुना संगणक तुम्ही पाहिला असेल. बटण दाबले की तो सुरू होतो. पडदा उजळतो, कळफलक चालतो, त्यावर चित्र काढता येते, पत्र लिहिता येते. पण शेजारच्या टेबलावरील संगणकावरून एखादा धडा त्याच्यावर आणायचा म्हटले, की तो गप्प बसतो. त्याला दुसऱ्या संगणकाशी बोलता येत नाही. मग कोणीतरी म्हणते, "हा आता जुना झाला, भंगारात द्या."

हा निकाल देण्याची घाई करू नका. पुष्कळदा अशा संगणकाला हवे असते ते तळहातावर मावेल एवढे एक कार्ड, एक स्क्रू आणि अर्धा तास वेळ. या कार्डाला 'नेटवर्क कार्ड' म्हणतात. ते काय करते, जुन्या संगणकात कसे बसते आणि बसवताना कोणती काळजी घ्यायची, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी आपण महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात जाऊ. तेथे जाण्याला कारण आहे. ते पुढे कळेलच.

संगणक मुका का होतो?

मुके संगणक दोन प्रकारचे असतात. काही जन्मतःच मुके. १९९० च्या दशकातील बहुतेक घरगुती आणि शाळेतील संगणकांत जाळ्याला जोडण्याची सोयच नसे. ज्याला हवी त्याने वेगळे कार्ड विकत घेऊन बसवायचे, अशी तेव्हाची रीत होती. पुढे २००० नंतरच्या दशकात ही सोय संगणकाच्या मुख्य फळीवरच, म्हणजे मदरबोर्डवरच, बसवून मिळू लागली.

दुसरे संगणक अपघाताने मुके होतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या भागात वळवाचा पाऊस कसा येतो, हे तेथील मुलांना सांगायला नको. दुपारी उन्हाने अंग भाजत असते आणि सायंकाळी ढगांचा गडगडाट सुरू होतो. वीज थेट शाळेवर पडली नाही, जवळपास कोठे पडली, तरी लांब तारांमध्ये क्षणभर फार मोठा विद्युत्दाब निर्माण होतो. तो तारेवाटे संगणकात शिरला, की तारेच्या तोंडाशी असलेली नाजूक चिप सर्वांत आधी जळते. बाकीचा संगणक कधीकधी धडधाकट राहतो, पण त्याची वाचा जाते. अशा वेळी रिकाम्या खोबणीत वेगळे नेटवर्क कार्ड बसवले, की तो पुन्हा बोलू लागतो.

गोंदियाचे दोन रूळ

आता गोंदियाच्या रेल्वे स्थानकावर या. मुंबई–नागपूर–हावडा या मोठ्या मार्गावरील हे महत्त्वाचे जंक्शन आहे. या मार्गाचे रूळ एकमेकांपासून १,६७६ मिलिमीटर अंतरावर असतात. याला आपण ब्रॉडगेज म्हणतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे सातपुड्याच्या डोंगरातून जाणारा दुसरा एक मार्ग बांधण्यात आला. त्याच्या रुळांतील अंतर होते अवघे ७६२ मिलिमीटर. डोंगरातील वळणांसाठी अशी छोटी गाडी सोयीची आणि बांधायला स्वस्त.

पण यातून एक अडचण उभी राहिली. छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालणार कसा? जंगलातले लाकूड छोट्या गाडीतून गोंदियाला आले, की उतरवून मोठ्या गाडीत भरावे लागे. दोन्ही गाड्या चांगल्या, दोन्ही रूळ चांगले, पण मापे जुळत नाहीत म्हणून मध्ये हमाली. पुढे हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला आणि आज गोंदियाहून जबलपूरपर्यंत मोठी गाडी जाते.

संगणकाच्या आतही असेच दोन मार्ग असतात. आतमध्ये माहिती मदरबोर्डवरील समांतर तारांवरून धावते. एका वेळी ३२ तारांवरून ३२ बिट, जणू ३२ पदरी रस्ता. बाहेर मात्र माहिती एका बारीक केबलमधून जाते. तेथे बिटांना रांगेत, एकामागून एक, निघावे लागते. आतली मापे वेगळी, बाहेरची वेगळी. या दोहोंच्या मध्ये बसून माल उतरवणारे आणि भरणारे जे स्थानक, ते म्हणजे नेटवर्क कार्ड. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवलीत, तर पुढचे सारे सोपे आहे.

बेटांवरून आलेली कल्पना

पण बाहेरच्या मार्गाचे 'माप' ठरवले कोणी? ही कथा मोठी मनोरंजक आहे.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर विद्यापीठाची केंद्रे वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली होती. त्यांना मुख्य संगणकाशी जोडण्यासाठी नॉर्मन अॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओलहरींचे जाळे उभारले. त्याचे नाव 'अलोहानेट'. सर्व केंद्रे एकाच कंप्रतेवर संदेश पाठवत. दोघे एकाच वेळी बोलले तर संदेशांची टक्कर होई आणि दोन्ही वाया जात. मग प्रत्येकाने थोडा वेळ थांबून पुन्हा पाठवायचे. किती वेळ थांबायचे? ते ज्याने त्याने सोडतीसारखे ठरवायचे. दोघे सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर होईल ना!

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या रॉबर्ट मेटकाफ यांनी ही कल्पना उचलली आणि रेडिओलहरींच्या जागी तार वापरायचे ठरवले. २२ मे १९७३ रोजी त्यांनी एका टिपणात ही योजना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. त्यांनी अलोहाच्या रीतीत एक सुधारणा केली: बोलण्यापूर्वी ऐकायचे. तारेवर दुसऱ्या कोणाचे बोलणे चालू असेल तर थांबायचे, शांतता असेल तरच बोलायचे. बोलताना टक्कर झालीच, तर लगेच गप्प व्हायचे आणि सोडतीने ठरेल तेवढा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. वर्गात शिस्तीने चर्चा करायची असेल तर आपणही हेच करतो, नाही का?

या पद्धतीला त्यांनी नाव दिले 'ईथरनेट'. 'ईथर' म्हणजे प्रकाश वाहून नेणारे सर्वव्यापी माध्यम, असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानत. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी ईथरचा शोध घेण्यासाठी प्रसिद्ध प्रयोग केला, पण ईथरचा मागमूस लागला नाही. विज्ञानाने टाकून दिलेला हा शब्द अशा तऱ्हेने संगणकाच्या तारेला मिळाला.

पहिल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट होता. पण खरी महत्त्वाची घटना १९८० साली घडली. झेरॉक्स, डिजिटल आणि इंटेल या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन ईथरनेटचे नियम जाहीर केले. वेग ठरला सेकंदाला १ कोटी बिट. १९८३ मध्ये विद्युत् अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हे नियम प्रमाण म्हणून स्वीकारले. नियम सर्वांना खुले झाल्यामुळे कोणतीही कंपनी कार्ड बनवू शकत होती, आणि एकीचे कार्ड दुसरीच्या कार्डाशी बोलू शकत होते. मेटकाफ यांच्याच थ्रीकॉम या कंपनीने १९८२ साली आयबीएमच्या छोट्या संगणकासाठी ईथरनेट कार्ड बाजारात आणले. मेटकाफ यांना या कार्यासाठी २०२२ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

भारतातही याच दशकात संगणकांची जाळी विणली जाऊ लागली. १९८६ साली सुरू झालेल्या 'अर्नेट' प्रकल्पात देशातील आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र एकमेकांना जोडले गेले. सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. त्या वेळी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी.

कार्डाच्या पोटात काय चालते?

आता कार्डाचे काम एका उदाहरणाने समजून घेऊ. समजा, मराठीतील एक पान दुसऱ्या संगणकाला पाठवायचे आहे. मोकळ्या जागा सोडून त्यात २,००० अक्षरचिन्हे आहेत. आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला सामान्यतः ३ बाइट लागतात. म्हणजे पान झाले ६,००० बाइटांचे.

ईथरनेटचा नियम असा, की एका खेपेत जास्तीत जास्त १,५०० बाइट पाठवायचे. या खेपेला 'फ्रेम' म्हणतात. १,५०० पैकी साधारण ४० बाइट पत्त्यासारख्या नोंदींत खर्च होतात, उरतात १,४६०. मग ६,००० बाइटांसाठी किती फ्रेम लागतील? भागाकार करून पाहा. चार पुरत नाहीत, पाच लागतात. एवढे तुकडे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. तुकडे लहान असले म्हणजे एकजण तार अडवून बसत नाही, सर्वांना पाळी मिळते. शिवाय एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा पाठवता येतो.

प्रत्येक फ्रेमच्या आरंभी कार्ड दोन पत्ते लिहिते: कोणाला आणि कोणाकडून. हा पत्ता ४८ बिटांचा असतो आणि कार्ड तयार होतानाच त्यात कोरलेला असतो. पहिले २४ बिट कारखान्याचे, उरलेले २४ त्या कार्डाचे. असे एकूण सुमारे २८१ लाख कोटी पत्ते होऊ शकतात. म्हणून सालेकशातील एखाद्या शाळेतील कार्डाचा पत्ता मुंबईतील किंवा टोकियोतील कार्डाच्या पत्त्याशी जुळू नये, अशी व्यवस्था करता येते.

फ्रेमच्या शेवटी कार्ड ३२ बिटांची एक पडताळणी-संख्या जोडते. राईस मिलमधून तांदळाची पोती ट्रकने निघतात तेव्हा चिठ्ठीवर पोत्यांची संख्या लिहितात. माल पोचल्यावर मोजणी जुळली नाही, तर वाटेत काही घोटाळा झाला हे लगेच कळते. फ्रेमचेही तसेच. पाठवणारे कार्ड सर्व बिटांवर एक ठरावीक गणित करून संख्या काढते. घेणारे कार्ड तेच गणित पुन्हा करते. उत्तर जुळले नाही तर ती फ्रेम सरळ टाकून देते, आणि पाठवणाऱ्या संगणकातील प्रणाली तेवढा तुकडा पुन्हा पाठवते.

फ्रेम नीट मिळाली, की कार्ड मुख्य प्रक्रियकाला खूण करते: "टपाल आले आहे, घेऊन जा." याला 'इंटरप्ट' म्हणतात. फार जुन्या संगणकांत अशा खुणांच्या सोळाच ओळी असत, आणि कोणती ओळ कोणत्या कार्डाला द्यायची हे माणसाला कार्डावरील छोट्या पिना जोडून ठरवावे लागे. दोन कार्डांना एकच ओळ दिली, की दोन्ही बंद पडत. आता हे वाटप संगणक स्वतःच करतो.

कोणत्या खोबणीत कोणते कार्ड?

कार्ड विकत घेण्यापूर्वी मदरबोर्डवर कोणती खोबण, म्हणजे स्लॉट, रिकामा आहे ते पाहिले पाहिजे. येथे पुन्हा गोंदियाचे रूळ आठवा. माप जुळले पाहिजे.

सर्वांत जुना 'आयसा' स्लॉट. तो १९८१ च्या आयबीएम संगणकापासून चालत आला. तो लांबलचक आणि सहसा काळ्या रंगाचा असतो. दुसरा 'पीसीआय'. तो १९९२ साली आला. तो आखूड आणि बहुधा पांढरा. जुन्या शालेय संगणकांत हाच जास्त आढळतो. तिसरा 'पीसीआय एक्स्प्रेस'. तो २००४ च्या सुमारास संगणकांत दिसू लागला. त्याचा सर्वांत छोटा प्रकार बोटाच्या दोन पेरांपेक्षाही लहान असतो. नावे सारखी असली तरी पीसीआयचे कार्ड पीसीआय एक्स्प्रेसमध्ये बसत नाही.

पीसीआय कार्डाच्या सोनेरी कडेला एक किंवा दोन खाचा असतात. त्या उगीच नाहीत. काही स्लॉट ५ व्होल्टच्या संकेतांवर चालतात, काही ३.३ व्होल्टच्या. स्लॉटमध्ये योग्य जागी एक आडवी भिंत असते, ती चुकीच्या कार्डाला आत येऊच देत नाही. दोन्ही खाचा असलेले कार्ड दोन्हीकडे चालते. म्हणून कार्ड सहज बसत नसेल तर जोर लावू नका. आधी खाच पाहा.

मग वेग किती घ्यावा? साधा पीसीआय मार्ग सेकंदाला जास्तीत जास्त १३३ मेगाबाइट नेऊ शकतो, आणि तोही सर्व कार्डांत मिळून. सेकंदाला १०० मेगाबिटचे कार्ड म्हणजे १०० भागिले ८, अर्थात १२.५ मेगाबाइट. ते पीसीआयला सहज पेलते. १,००० मेगाबिटचे कार्ड म्हणजे १२५ मेगाबाइट. ते जवळजवळ सगळा रस्ता एकटेच अडवेल. ते बसेल आणि चालेलही, पण पूर्ण वेगाने नाही. जुन्या संगणकाला १०० मेगाबिट पुष्कळ झाले. आपले ६,००० बाइटांचे पान त्या वेगाने सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात निघून जाते!

आता कार्ड बसवू

हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचे. क्रम असा:

१. संगणक रीतसर बंद करा आणि वीजेचा प्लग सॉकेटमधून काढून घ्या. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. बऱ्याच संगणकांत प्लग जोडलेला असेपर्यंत मदरबोर्डवर थोडा विद्युत्दाब कायम राहतो. प्लग काढल्यावर संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेला भार निघून जाईल. इतर सर्व तारा काढून ठेवा.

२. खोक्याचे झाकण उघडा. आत चौकोनी पत्र्याच्या डब्यात वीजपुरवठ्याचा भाग असतो. तो डबा कधीही उघडायचा नाही. त्यातील धारित्रांत प्लग काढल्यानंतरही धोकादायक विद्युत्भार राहू शकतो.

३. आत साठलेली धूळ मऊ कोरड्या ब्रशने हलकेच काढा. भातगिरण्यांच्या परिसरात कोंड्याची बारीक धूळ फार असते. ओले फडके वापरू नका.

४. कार्डाला हात लावण्यापूर्वी खोक्याच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावा. याचे कारण पुढे सांगितले आहे.

५. निवडलेल्या स्लॉटसमोरील मागची पत्र्याची पट्टी काढा. तिचा स्क्रू जपून ठेवा, तोच पुन्हा लागेल.

६. कार्ड कडांना धरा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका, बोटाचा घाम आणि तेल त्यांवर बसते. खाच जुळवून कार्ड सरळ उभे धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देऊन खाली बसवा. सोनेरी कड दोन्ही टोकांना सारखीच आत गेली पाहिजे. एक टोक वर राहिले तर कार्ड चालणार नाही.

७. पट्टीचा स्क्रू घट्ट करा. स्क्रू पिळताना कार्ड तिरपे होत नाही ना, ते पाहा. आत एखादा स्क्रू पडून राहिला नाही याची खात्री करा, झाकण लावा, मग तारा जोडा.

धातूला हात का लावायचा? कोरड्या हवेत नायलॉनचा कंगवा केसांतून फिरवून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. चालताना, खुर्चीवरून उठताना आपल्या अंगावरही असाच स्थितिक विद्युत्भार जमतो. त्याचा दाब हजारो व्होल्ट असू शकतो. सुमारे ३,००० व्होल्टपर्यंत तर आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. भार थोडा असल्याने आपल्याला इजा होत नाही, पण चिपमधील अतिसूक्ष्म थर त्याच्या कितीतरी कमी दाबाने फुटतात. धातूला हात लावल्याने तुमचा आणि खोक्याचा विद्युत्दाब सारखा होतो, आणि ठिणगी उडण्याचे कारण राहत नाही. थंडीत आणि उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा ही काळजी जास्त घ्यावी. पावसाळ्यात दमट हवेमुळे भार टिकत नाही.

दिवा लागला का?

आता केबल जोडा. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी दोरीसारखी पिळलेली. हा पीळ शोभेसाठी नाही. बाहेरून पंख्याचा किंवा ट्यूबलाइटचा विद्युत् गोंगाट आला, तर तो पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. कार्ड दोन तारांतील फरकच तेवढा मोजते, म्हणून सारखा गोंगाट वजा होऊन जातो. अशी केबल १०० मीटरपर्यंत वापरता येते.

केबलचे दुसरे टोक 'स्विच' नावाच्या छोट्या खोक्यात जाते. तेथे सर्व संगणकांच्या तारा एकत्र येतात. स्विच प्रत्येक फ्रेमवरचा पत्ता वाचतो आणि ती ज्याची त्यालाच देतो, त्यामुळे टक्करीचा प्रश्नच आता उरलेला नाही. शिवाय एका बाजूने १,००० मेगाबिटच्या वेगाने आलेली फ्रेम तो क्षणभर साठवून दुसरीकडे १०० मेगाबिटच्या वेगाने पाठवतो. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत भरणारे गोंदिया स्थानक ते हेच! जोडताना कार्ड आणि स्विच आपापले वेग एकमेकांना सांगतात आणि दोघांना जमेल असा सर्वांत मोठा वेग निवडतात. म्हणूनच वीस वर्षांपूर्वीचे कार्ड आजच्या स्विचशी बोलू शकते.

संगणक सुरू केल्यावर कार्डाच्या मागचा छोटा दिवा लागला, तर तार जुळली असे समजा. लागला नाही तर आधी केबल बदलून पाहा, मग कार्ड नीट बसले आहे का ते पाहा. कार्डाची भाषा कळण्यासाठी संगणकाला 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली लागते. रिअलटेक ८१३९ सारख्या पूर्वी फार खपलेल्या चिपांचे ड्रायव्हर लिनक्स प्रणालीत आधीपासूनच असतात.

शेवटी संगणकाला जाळ्यातील एक पत्ता द्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.११. दुसऱ्याचा १९२.१६८.१.१२. मग 'पिंग' ही आज्ञा देऊन दुसऱ्याला हाक मारायची. "ओ" आली, की काम फत्ते! केबलमध्ये संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १०० मीटरला सेकंदाचा अर्धा दशलक्षांश पुरतो. हाकेला उत्तर यायला बहुधा एक मिलिसेकंदही लागत नाही.

याचा उपयोग काय?

शाळेत इंटरनेट नसेल किंवा मधूनमधून जात असेल, तर हा खटाटोप कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण संगणकाचे जाळे आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'किविक्स' नावाची एक मोफत आज्ञावली आहे. तिच्या साहाय्याने विकिपीडियासारखा ज्ञानकोश एकदाच उतरवून एका संगणकावर साठवता येतो आणि खोलीतील बाकीचे संगणक केबलवरून तो वाचू शकतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही यात आला. उतरवण्यासाठी चांगला संगणक आणि चांगली जोडणी एकदाच हवी. तालुक्याच्या गावी उतरवून पेनड्राइव्हवरून आणले तरी चालते. मग देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या एखाद्या जंगलकाठच्या शाळेत जोडणी तुटली असली, तरी दहा मुले दहा जुन्या संगणकांवर दहा वेगळे विषय वाचू शकतात. त्या दहांपैकी एकाला कार्ड नाही म्हणून एक मूल वाचनाला मुकावे, हे बरे नव्हे.

जुन्या संगणकाच्या मर्यादाही लक्षात घ्या. कार्डाने त्याची स्मृती वाढत नाही की प्रक्रियकाचा वेग वाढत नाही. चलचित्रांनी भरलेली पाने त्याला झेपणार नाहीत, साधा मजकूर आणि चित्रे झेपतील. दुसरे असे, की त्याची प्रणाली जुनी असेल तर त्याला उघड्या इंटरनेटवर सोडू नका. विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ पासून बंद झाल्या, विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाचा मिळाली म्हणजे बाहेरचे वाईटही कानी पडणार. अशा संगणकाला शाळेपुरत्या जाळ्यातच ठेवावे, नाहीतर त्यावर हलकी, चालू दुरुस्त्या मिळणारी लिनक्स प्रणाली घालावी.

आणि वीज विसरू नका. तांब्याची केबल एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून नेऊ नये. दोन इमारती जोडायच्या असतील तर काचेचा प्रकाशतंतू वापरावा. काच विद्युत्वाहक नाही, त्यामुळे विजेचा दाब त्यातून येत नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून 'भारतनेट' नावाने चालणाऱ्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत असेच तंतू नेण्यात येत आहेत. गडगडाट सुरू झाला, की प्लगबरोबर नेटवर्कची केबलही काढा. लोक प्लग काढतात, केबल विसरतात, आणि नेमके तेथूनच नुकसान होते.

जुना संगणक भंगारात गेला तर त्यातील शिसे आणि इतर विषारी द्रव्ये कोठे जातील, हाही प्रश्न आहेच. तो खरोखर निकामी झाला असेल तर अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. पण नुसता मुका असेल, तर आधी झाकण उघडून रिकामी खोबण शोधावी. १९८० साली तीन कंपन्यांनी आपली मापे जुळवून ती सर्वांना खुली केली, म्हणून आज तुमच्या शाळेतील जुने खोके नव्या खोक्याशी बोलू शकते.

करून पाहा

शाळेतील प्रत्येक संगणकाच्या मागील बाजूचे निरीक्षण करा आणि केबलची जागा कोणत्या संगणकाला आहे, कोणाला नाही, याची यादी करा. चालू संगणकावर त्याच्या कार्डाचा ४८ बिटांचा पत्ता शोधा. तो १२ षोडशमान अंकांत लिहिलेला असतो. पहिले सहा अंक कोणकोणत्या संगणकांचे सारखे आहेत? त्यावरून तुम्हाला काय अनुमान काढता येईल? एक टाकाऊ केबल मिळाली तर तिचे आवरण सोलून चारही जोड्यांचा पीळ मोजा. चारही जोड्यांना सारखाच पीळ आहे का? नसेल, तर तो तसा का ठेवला असावा, याचा विचार करा आणि तुमच्या विज्ञान-शिक्षकांशी चर्चा करा.